फिलिपिनो पासपोर्टवर बिनव्हिसाचं फिरायचंय? आधी मनिलातून बाहेर पडायची तयारी करा

गेल्या वर्षी माझी मेहुणी पहिल्यांदाच परदेशी निघाली होती, बँकॉकला, चार दिवस. थायलंडला फिलिपिनो पासपोर्टवर व्हिसा लागत नाही म्हणून आम्ही सगळे निवांत. बॅग चेक-इन झाली, बोर्डिंग पास हातात आला आणि इमिग्रेशनच्या काउंटरवर तिला विचारलं, तिकीट कुणी काढलं? ती म्हणाली मैत्रिणीने. मैत्रीण कोण, कधीपासूनची ओळख, बँकॉकमध्ये काय करते? हॉटेलचं बुकिंग मैत्रिणीच्या नावावर, नोकरीचं पत्र घेतलेलं नाही, रजेचा कागद नाही, जे काय होतं ते मोबाइलमध्ये आणि मोबाइलची बॅटरी संपलेली. तिला बाजूला बसवलं, फॉर्म भरून घेतला, पुन्हा तेच प्रश्न झाले आणि तोवर गेट बंद झालं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बॅगेवर बँकॉकचा टॅग तसाच होता, दोन दिवस तिने तो काढला नाही.

आपल्याच देशाच्या इमिग्रेशनने असं विमानात चढू न देणं, याला इथे फिलिपाइन्समध्ये ऑफलोड होणं म्हणतात आणि हा शब्द इथल्या प्रत्येक घरात माहीत असतो. मी मूळचा सातारचा, बायको फिलिपिनो, घरात एक निळा पासपोर्ट आणि एक मरून, त्यामुळे दोन्ही बाजूंचे नियम पाठ झालेत. दुबई, सिंगापूर, हाँगकाँगला असलेले मराठी मित्र अधूनमधून विचारतात, बायको फिलिपिनो आहे किंवा ऑफिसमधली कलीग विचारतेय, बिनव्हिसाचं कुठे जाता येईल. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. पण एक गोष्ट आधीच सांगतो, फिलिपिनो माणसाला समोरचा देश क्वचितच अडवतो, अडचण येते ती स्वतःच्या देशातून बाहेर पडताना, म्हणून तयारी त्या क्रमाने करायची.

आधी पासपोर्ट हातात घ्या

शेवटची तारीख बघा. परतीच्या नाही, तिकडे पोचायच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक पाहिजेत, पाच महिने असतील तर एअरलाइनवालेच चेक-इनला परत पाठवतात. १८ वर्षांवरच्यांना २०१८ पासून १० वर्षांचा पासपोर्ट मिळतो, लहान मुलांना ५ वर्षांचाच, त्यामुळे फॅमिली ट्रिपमध्ये बहुतेक वेळा मुलाचाच पासपोर्ट संपत आलेला निघतो, तो पहिला बघा. रिन्यूअलची फी साधी ९५० पेसो, लवकर हवा असेल तर १,२००, पण खरा वेळ जातो तो ऑनलाइन अपॉइंटमेंट मिळायला, म्हणून तिकिटाचा सेल लागायच्या आधी हे काम उरकून ठेवा.

मग नाव. इथे मराठी माणसाचा हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, फिलिपिनो लोकांत मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनाव मधे सरकतं आणि नवऱ्याचं शेवटी येतं, पण नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे अशी सक्ती नाही आणि बऱ्याच जणी पासपोर्टवर माहेरचंच ठेवतात. तुम्ही हौसेने तिकिटावर मिसेस जाधव टाकाल आणि पासपोर्टवर असेल सांतोस, तर काउंटरवर उभं राहून नाव बदलायचे पैसे भरावे लागतील. पासपोर्ट समोर उघडा ठेवून त्यातलं अक्षर न् अक्षर बघत तिकीट काढा.

आणखी एक नावाचीच भानगड. सांतोस, रेयेस, क्रूज, गार्सिया ही आडनावं इथे आपल्याकडच्या पाटील-देशमुखांसारखी पसरलेली आहेत आणि पहिली नावंही तीच तीच. तुमच्याच नावाच्या दुसऱ्या कुणावर कोर्टाचा देश सोडू नये असा आदेश असेल तर सिस्टिममध्ये तुमचं नाव लागतं, याला इथे हिट येणं म्हणतात. अशांना ब्युरो ऑफ इमिग्रेशनकडून ‘ती व्यक्ती मी नव्हे’ अशा अर्थाचं सर्टिफिकेट काढता येतं. एकदा हिट आला असेल तर पुढच्या प्रवासाच्या आधी ते काढूनच ठेवा.

कुठे जायचं

सगळ्यात सोपं आसियान, म्हणजे आग्नेय आशियातले शेजारी देश. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, लाओस इथे ३० दिवस, व्हिएतनामला २१ दिवस, ब्रुनेई आणि म्यानमारला १४. कंबोडियालाही व्हिसा लागत नाही. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ६० दिवस केले पण असे वाढवलेले दिवस कधीही कमी होऊ शकतात म्हणून आम्ही प्लॅन करताना ३० च धरतो. या दिवसांच्या आकड्यात एक गफलत सगळे करतात, बहुतेक ठिकाणी उतरलेला दिवस पहिला मोजला जातो, मग विमान रात्री साडेअकराला उतरलं तरी तो दिवस गेला. व्हिएतनामचे २१ अगदी २१ पर्यंत ताणू नका, दोन दिवस हाताशी ठेवा.

म्यानमारला १४ दिवस आहेत म्हणून जाऊ नका, तिथली परिस्थिती फिरायला जाण्यासारखी नाही आणि त्याच भागात नोकरीच्या आमिषाने फिलिपिनो मुलामुलींना बँकॉकमार्गे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याच्या कितीतरी केसेस झाल्यात. बँकॉकचं एकट्या तरुण मुलीचं तिकीट बघून काउंटरवर जास्त प्रश्न येतात त्याचं कारण हेच आहे, हे मला फार उशिरा कळलं.

बसने देश जोडत जायची हौस असेल तर हो ची मिन्ह ते नोम पेन्ह हा रस्ता छान आहे, पुढे कंबोडियातून जमिनीवरून थायलंडला जायचा प्लॅन मात्र करू नका, जून २०२५ मध्ये दोन देशांच्या भांडणात ती बॉर्डर बंद झाली, तो टप्पा विमानाचाच धरा.

आता उत्तरेकडे. हाँगकाँग १४ दिवस, मकाव ३० दिवस आणि दोन्ही एका ट्रिपमध्ये होतात, ५५ किलोमीटरचा समुद्रावरचा पूल आहे त्यावरून बसने पाऊण तासात पलीकडे. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी डोळे झाकून हेच सुचवतो, मनिलापासून दोन-अडीच तासांचं विमान, एकाच ट्रिपमध्ये दोन वेगळी शहरं आणि मकावमधली जुनी पोर्तुगीज चर्चं बघून फिलिपिनो सासूबाई जेवढ्या खूश झाल्या तेवढ्या त्या मॉलमध्ये कधी झालेल्या मी पाहिल्या नाहीत. मेनलँड चीनला मात्र वेगळा व्हिसा लागतो, शेनझेन जवळ दिसतंय म्हणून मेट्रोने बॉर्डरपर्यंत जाऊन परत यावं लागलेले लोक आहेत.

तैवान हे माझं सगळ्यात आवडतं. १ नोव्हेंबर २०१७ पासून फिलिपिनोंना १४ दिवस बिनव्हिसा मिळतो, पण ही कायमची सोय नाहीये, ट्रायल म्हणून दिलेली आणि दरवर्षी वाढवत नेलेली आहे, २०२५ ची मुदतवाढ ३१ जुलै २०२६ पर्यंतची. म्हणजे तुमची तारीख जुलैच्या शेवटाला किंवा ऑगस्टमध्ये पडत असेल तर पुढची मुदतवाढ जाहीर झालीय का हे मनिलातल्या तैवानच्या ऑफिसच्या साइटवर बघायचं आणि मगच नॉन-रिफंडेबल तिकीट काढायचं. परतीचं तिकीट आणि राहायचा पत्ता तिथे खरंच विचारतात.

जपान आणि कोरियाला व्हिसा लागतो. कोरियात फक्त जेजू बेटावर थेट उतरलात तर ३० दिवस बिनव्हिसा चालतं, सोलला उतरून पुढे जेजू असं नाही चालत आणि जेजूवरून सोललाही जाता येत नाही. मंगोलियाला २१ दिवस आहेत. मालदीवला सगळ्यांसारखाच उतरल्यावर ३० दिवसांचा फुकट शिक्का.

लांबचं बघायचं तर ब्राझील ९० दिवस, कोलंबिया ९०, पेरू तर १८३ दिवस, हे ऐकून इथले लोकसुद्धा चकित होतात. आफ्रिकेत मोरोक्को ९० दिवस. फिजी चार महिने. इस्रायललाही ९० दिवस, फक्त जानेवारी २०२५ पासून आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते आणि जायच्या आधी फिलिपाइन्स सरकारची त्या वेळची सुरक्षेची सूचना वाचणं गरजेचं आहे.

या लांबच्या देशांत खरी मेख ट्रान्झिटमध्ये असते. मनिलाहून लिमा किंवा साओ पावलोची स्वस्त तिकिटं शोधलीत की लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोवरून जाणारी वर दिसतात, पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायलासुद्धा ट्रान्झिट व्हिसा लागतो, विमानतळाच्या आत बसून राहीन असा पर्यायच तिथे नाही. कॅनडाचंही तसंच. म्हणून दोहा, दुबई, इस्तंबूल नाहीतर अदिस अबाबावरून जाणारं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडून जाणार असाल तर मधल्या देशात बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, म्हणजे त्या देशाच्या इमिग्रेशनमधून जावं लागतं, हे तिकीट काढायच्या आधी डोक्यात ठेवा. ब्राझील, पेरूला जाणार असाल तर यलो फीवरची लस आणि तिचं पिवळं कार्ड आधीच करून घ्या.

जे फिलिपिनो दुबई, अबू धाबीला नोकरी करतात त्यांना वेगळाच फायदा आहे, आखाती देशाचा रेसिडन्स चालू असेल तर जॉर्जियाला बिनव्हिसा जाता येतं. म्हणून तर तिकडचे ग्रुपच्या ग्रुप ईदच्या सुट्टीत तिबिलिसीला दिसतात. रेसिडन्स संपायला आलेला असेल तर आधी रिन्यू करा मग जा.

खरी तयारी, म्हणजे फाइल

नियमाने बघायला गेलं तर मागतात एवढंच, सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट, बोर्डिंग पास, परतीचं पक्कं तिकीट आणि जिथे लागतो तिथे व्हिसा. पण मानवी तस्करीविरोधी कायदा २००३ चा आहे, २०१३ आणि २०२२ मध्ये तो आणखी कडक केला, आणि ऑफिसरला शंका आली तर तो पुढचे प्रश्न विचारू शकतो, दुसऱ्या तपासणीला पाठवू शकतो. २०२२ मध्ये ३२,४०४ जणांना असं थांबवलं गेलं आणि त्यातले तस्करीचे किंवा बेकायदा नोकरभरतीचे बळी निघाले ४७२. त्याच वर्षाच्या शेवटी एका मुलीला काउंटरवर शाळेचं इयरबुक विचारलं गेलं, तिचं विमान चुकलं, प्रकरण सिनेटपर्यंत गेलं. २०२३ मध्ये आणखी कागदांची नवी यादी आली होती, ती लोकांच्या ओरड्यामुळे लागू व्हायच्या आधीच थांबवली. ३२ हजार घरांत त्या संध्याकाळी काय झालं असेल ते मी आमच्या घरात पाहिलंय, पण ते ४७२ जणही खरे आहेत, त्यांची सुटका झाली, म्हणून ऑफिसरशी भांडत बसण्यापेक्षा त्याची शंका दोन मिनिटांत फिटेल अशी फाइल नेणं मला पटतं.

आमच्या घरची फाइल अशी असते. सगळं छापील, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, मोबाइलवर विसंबून नाही. वरती जायचं-यायचं तिकीट. मग हॉटेलचं बुकिंग, त्यावर प्रवास करणाऱ्याचं स्वतःचं नाव असलेलं, हे फार महत्त्वाचं, एकाने सगळ्यांचं केलं असेल तर गेस्टमध्ये बाकीच्यांची नावं घालून घ्या. मग कंपनीचं नोकरी करत असल्याचं पत्र आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र, रजेच्या तारखा तिकिटाशी जुळणाऱ्या, एवढ्यावरच निम्मे प्रश्न मिटतात. सोबत कंपनीचं ओळखपत्र. स्वतःचा धंदा असेल तर त्याचं रजिस्ट्रेशन आणि टॅक्स रिटर्न. शिकत असेल तर कॉलेजचं कार्ड आणि सुट्टी आहे हे दाखवणारं काहीतरी. बँकेचं स्टेटमेंट, फार मोठी रक्कम लागते असं नाही, पण तिकिटाच्या आठवडाभर आधी अचानक कुणीतरी एक लाख पेसो टाकलेत असं दिसलं तर प्रश्न वाढतात.

खर्च दुसरा कुणी करत असेल तर लपवू नका. आई-बाप, भाऊ-बहीण, मामा-मावशी, चुलत-मावस भावंडं असं जवळचं नातेवाईक तिकडे असेल तर त्यांनी तिथल्या फिलिपाइन्स एम्बसीत ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट अँड गॅरंटी, म्हणजे खर्चाची हमी देणारं प्रतिज्ञापत्र, करून पाठवायचं आणि नातं दाखवायला जन्माचे दाखले जोडायचे, तुमचा आणि त्यांचाही, म्हणजे साखळी पूर्ण होते. बॉयफ्रेंड खर्च करतोय तर तसं सांगा, ओळख कशी झाली, किती वेळा भेटलात, फोटो दाखवा. मेहुणीचं काय झालं तर ती घाबरून एकदा म्हणाली मैत्रीण ऑफिसातली, नंतर म्हणाली फेसबुकवरची. दोन्ही खरं होतं, फेसबुकवर ओळख झाली मग एकाच ऑफिसात लागल्या, पण तुकड्यातुकड्यात सांगितलं की खोटं वाटतं. आता आम्ही घरी बसवून प्रॅक्टिस घेतो, कुठे चाललीस, किती दिवस, कोणाबरोबर, काय काम करतेस, परत कधी. उत्तर एका वाक्यात, खरं, आणि विचारलं तेवढंच.

टुरिस्ट म्हणून जाऊन तिकडे नोकरी शोधायचा बेत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, कामाला जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे, त्याचे कागद वेगळे आणि तो रस्ता सोडून गेलेल्यांचेच हाल होतात.

बायको फिलिपिनो, नवरा भारतीय असेल तर

आधी सीएफओचं बघा. परदेशी माणसाशी लग्न केलेली किंवा ठरलेली फिलिपिनो व्यक्ती त्याच्या देशात राहायला निघाली असेल तर कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीजचं समुपदेशन करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आठवड्याच्या ट्रिपला जाणं वेगळं, पण कायमचं पुण्याला नाहीतर ठाण्याला यायचं असेल तर हे राहिलं की विमानतळावर अडणार.

मुलांचं. १८ वर्षांखालचं मूल आई-वडिलांशिवाय, म्हणजे आजीबरोबर किंवा मावशीबरोबर चाललं असेल तर डीएसडब्ल्यूडीचं, म्हणजे इथल्या समाजकल्याण खात्याचं, ट्रॅव्हल क्लिअरन्स लागतं. आई-वडिलांचं लग्न झालेलं नसेल तर इथल्या कायद्याने मुलाचा ताबा आईकडे असतो, त्यामुळे एकटा बाप मुलाला घेऊन निघाला तरी ते लागतं. कितीतरी बापांना हे काउंटरवर कळतं आणि मुलाच्या समोर कळतं.

दोघांना मिळून कुठे सोपं पडतं? थायलंड, मलेशिया, मकाव, मालदीव, फिजी. हाँगकाँगला तिला काही लागत नाही पण भारतीयाने आधी ऑनलाइन रजिस्ट्रेशन करून कागद छापून न्यायचा. बालीला ती सरळ निघून जाते आणि मी व्हिसा ऑन अरायव्हलच्या रांगेत ५ लाख रुपिया भरतो, वर बालीची १,५०,००० रुपियाची टुरिस्ट फी दोघांनाही आहेच. सिंगापूर, व्हिएतनाम, तैवानला तिला व्हिसा नाही, मला आहे, म्हणून तिथे माझा व्हिसा हातात आल्यावरच तिचं तिकीट काढतो.

आणि भारत. ऑगस्ट २०२५ पासून एका वर्षासाठी भारताने फिलिपिनोंना टुरिस्ट ई-व्हिसा फुकट केला. व्हिसा लागतोच, अर्ज करावाच लागतो, फक्त फी नाही. त्याच सुमाराला फिलिपाइन्सने भारतीयांना १४ दिवस बिनव्हिसा दिले आणि ऑक्टोबरपासून दिल्ली-मनिला थेट विमान सुरू झालं. अर्ज फक्त सरकारी साइटवर करायचा, सर्च केलं की वरती पैसे घेणाऱ्या नकली साइट्स येतात. सासूबाईंचा अर्ज मी रात्री जेवण झाल्यावर बसून भरला, त्यात वडिलांचं जन्मगाव वगैरे विचारतात ते त्यांना आठवायला अर्धा तास लागला, तेव्हा ही माहिती आधी कागदावर लिहून घ्या.

शेवटचे तीन दिवस आणि विमानतळ

तिकडच्या देशाचे ऑनलाइन फॉर्म आता जवळपास सगळीकडे आलेत आणि हे बहुतेक शेवटच्या तीन दिवसांतच भरता येतात. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड मे २०२५ पासून, मलेशियाचं जानेवारी २०२४ पासून, सिंगापूरचंही आहे, तैवान आणि इंडोनेशियाचं ऑक्टोबर २०२५ पासून. सगळे फुकट आहेत, कुणी पैसे मागितले तर साइट चुकीची. फिलिपाइन्सचं स्वतःचं ईट्रॅव्हल निघायच्या आधी ७२ तासांत भरायचं, त्याचा क्यूआर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि एक छापून फाइलमध्ये टाका.

ट्रॅव्हल टॅक्स बघा. इकॉनॉमीला १,६२० पेसो, कधी तिकिटात असतो कधी नसतो, पिसो सेलमधलं, म्हणजे एक पेसोवाल्या सेलमधलं, तिकीट तर हमखास वेगळा भरायला लावतं. नसेल भरला तर घरूनच ऑनलाइन भरा.

विमानतळावर चार तास आधी पोचा, मी तीन म्हणत नाही. चेक-इन उघडल्या उघडल्या करून लगेच इमिग्रेशनला जा, कॉफी नंतर. दुसऱ्या तपासणीला पाठवलंच तर हाताशी वेळ असेल, तोच खरा फरक पडतो. एकत्र निघालेल्यांनी एकाच काउंटरवर एकत्र उभं राहायचं. फोन पूर्ण चार्ज. आणि तरीही थांबवलंच तर कारण लिहिलेला कागद मागून घ्या, त्यात कुठला कागद कमी पडला ते असतं, ऑफलोड झालं म्हणजे कायमची बंदी नसते, तोच कागद जोडून पुढच्या वेळी जाता येतं.

मेहुणी चार महिन्यांनी पुन्हा निघाली. या वेळी हाँगकाँग-मकाव, आम्हा सगळ्यांबरोबर, फाइल स्वतःच्या हातात. ऑफिसरने नोकरीचं पत्र आणि रजेची तारीख बघितली, किती दिवस विचारलं, शिक्का मारला. फाइलमधली बाकीची पानं उघडलीही नाहीत. परतीच्या आदल्या रात्री हॉटेलात तिने सगळ्यांचं ईट्रॅव्हल भरलं, कारण देशात परत येतानाही ते पुन्हा नव्याने भरावं लागतं आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात नव्हतं.